मागचा जांभळा

शुक्रवारी सोहारला जाग उशिरा येते,
मला आधी.
मागच्या सीटवर कॅमेरा, पाण्याची बाटली
आणि उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून शिवलेली पिशवी.
ती गाडीच्या काचेवर ठेवायची, तिच्यावर लेन्स,
मग हात हलत नाही.
लेन्स रोडेलची. तो सेबूला कायमचा परत गेला तेव्हा
पंचावन्न रियालला दिलेली.
आत कडेला बुरशीचा एक ठिपका आहे,
माझ्या प्रत्येक आभाळात डावीकडे वर
न बोलावता उगवणारा.

बंदराच्या रस्त्यावरचा मोठा गोल चौक.
स्प्रिंकलर फिरू लागले की पक्षी उतरतात.
दोन हुदहुद, हिरवळीला टाके घालत.
टिटवी, सगळ्यांवर खेकसत.
दिव्याच्या खांबावर नीलकंठ, मळकट, पेंगुळलेला,
उडाला की कळतं
एवढा वेळ त्यानं निळा काखेत दडवला होता.

आणि वेडा राघू.
त्याचा फोटो मेव्हण्याला पाठवला, तर म्हणाला,
"समुद्र ओलांडून गेलात आणि काढलंत काय, वेडा राघू!
आमच्या केबलच्या वायरीवर रोज बसतो तो."
बरोबर आहे.
नगरला असताना त्या वायरीकडे
मी कधी मान वर केली होती का,
आठवत नाही.

आठवडाभर गोदामात बेअरिंग मोजतो, गॅस्केट मोजतो,
म्हणून शुक्रवारचीही वही आहे:
तारीख. उजेड. पक्षी. वाया गेलेले.
शेवटचा रकाना नेहमी आधी भरतो.

फेब्रुवारीत एकदा जमला.
राघूच्या चोचीत मधमाशी, तिचेसुद्धा पंख मोजता येतील असे,
डोळ्यात टाचणीएवढा सूर्य,
आणि मागचं सगळं विरघळून
एकसंध जांभळं.
कुणाला तरी दाखवायलाच हवा होता.
चौकात मोफज्जल होता, बलदियाच्या हिरव्या कपड्यांत,
खांद्यावर पाइप.
गाफच्या झाडाखाली पक्ष्यांसाठी थोडं पाणी
तो रोज चुकून सांडायचा.

त्यानं कॅमेरा हातभर लांब धरला, डोळे बारीक केले,
बोट राघूवरून सरकवत नेलं
आणि त्या विरघळलेल्यावर टेकवलं.
"ये मेरा है."

मला कळायला वेळ लागला.
पेट्यूनिया.
नोव्हेंबरात त्यानं आणि नेपाळच्या एका पोरानं
गुडघ्यांवर सरकत लावलेली चार हजार रोपं.
अडीच वर्षं मी त्याचे वाफे पुसत होतो,
काळजीपूर्वक, आकडे जुळवून.
त्यालाच तर म्हणायचो,
आता जरा हात बसलाय.

"फूल का भी निकालो," म्हणाला. "मई में सब उखाड़ेगा."
कोण?
"मैं ही."
मग तुम्ही उभे राहा ना त्यात, म्हटलं.
त्यानं अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं, मान हलवली.
नुसती फुलं.

ओल्या हिरवळीवर पालथा पडलो.
लेन्स पुढे-मागे घरघरत राहिली,
एवढ्या जवळचं तिला दिसत नाही.
मागे सरकलो. अजून सरकलो.
मोफज्जल हाताने सांगत होता, और, और,
ट्रक मागे घेतात तसा.

अकरा फोटो. सूकमधल्या दुकानात छापून घेतले.
दुकानदारानं विचारलं, कुठली बाग?
चौक, म्हटलं.
हा रोजचा? त्यानं फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

मेमध्ये वाफे उघडे झाले.
काळ्या नळ्या वर आल्या, उन्हात वेटोळी घालून.
मोफज्जलला आता विमानतळाच्या रस्त्याला लावलंय म्हणतात.
उकरलेल्या मातीत हुदहुदांची चंगळ आहे,
एक काढला आज, चोच मातीत, तुरा मिटलेला.
वहीत पक्षी लिहिला.
मग त्याच्या बाजूला एक नवा रकाना आखला,
अजून त्याला नाव दिलेलं नाही,
आणि त्यात लिहिलं: माती,
काल कुणीतरी खणलेली.